खुणा पुसलेला व्हॉल्व्ह ओळखायचा कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या रेडिओतून निघालेला, किंवा चोर बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या जुन्या बाजारात डब्यातून सुटा मिळालेला व्हॉल्व्ह, म्हणजे काचेची निर्वात इलेक्ट्रॉन नळी, हातात आहे आणि काचेवर एक अक्षरही उरलेले नाही, अशा वेळी ही उत्तरे कामी येतील. क्रम मात्र मोडू नका. आधी डोळे, मग ओहममीटर, मग हीटरला, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेला, हळूहळू वीज आणि अगदी शेवटी उच्च दाब, म्हणजे जास्त व्होल्ट. हा क्रम उलटा केला की ओळख पटण्याआधीच व्हॉल्व्ह जातो.

प्रश्न: सरळ ६.३ व्होल्ट देऊन पेटतो का ते पाहिले तर काय बिघडते?

तो बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओचा व्हॉल्व्ह असेल, तर संपला. डीके९१, डीएफ९१, डीएएफ९१ या मंडळींची फिलॅमेंट १.४ व्होल्ट आणि फक्त ५० मिलिअँपिअरची असते, तर डीके९६, डीएफ९६ वगैरे ९६ मालिकेची २५ मिलिअँपिअरची. ६.३ व्होल्ट लागताच केसाहून बारीक तार क्षणात तुटते आणि ती पुन्हा जोडता येत नाही. उलट बाजूही आहे. यूएल८४ ला ४५ व्होल्ट लागतात. त्याला ६.३ देऊन काहीच उजळले नाही म्हणून चांगला व्हॉल्व्ह कचऱ्यात टाकणारेही पुष्कळ भेटतात.

प्रश्न: कामाला बसण्यापूर्वी काय काय जवळ हवे?

शून्यापासून १५ व्होल्टपर्यंत बदलता येणारा आणि निदान २ अँपिअर देणारा डीसी पुरवठा, ज्याला विद्युतप्रवाहाची मर्यादा लावता येते. दोन मल्टीमीटर, त्यातला एक १० मेगाओहम अंतर्गत रोधाचा डिजिटल. दहापट मोठे दाखवणारे भिंग, व्हर्निअर कॅलिपर, छोटी टॉर्च. नऊ पिनांचे नोव्हल, सात पिनांचे मिनिएचर आणि आठ पिनांचे ऑक्टल अशी तीन सॉकेटे, प्रत्येक पायाला वेगळ्या रंगाची वायर लावलेली. ९ व्होल्टची एक ताजी बॅटरी, १० किलोओहमचे दोन-तीन रेझिस्टर, १० किलोओहमचे एक पोटेन्शिओमीटर. शेवटच्या चाचणीसाठी २५० व्होल्टचा पुरवठा लागतो, पण त्याशिवायही तीन चतुर्थांश काम होते.

प्रश्न: काचेवर अस्पष्ट काही दिसते. पुसून बघू का?

अजिबात नको. व्हॉल्व्हवरची रंगीत छपाई फार कच्ची असते. ओला कपडा, स्पिरिट, काच पुसायचा फवारा, एवढेच काय, अंगठ्याने दोनदा चोळले तरी ती जाते. धूळ उडवायला कोरडा मऊ ब्रश वापरा, तोही छपाईच्या जागेपासून दूर.

पुसलेली छपाई काचेच्या पृष्ठभागावर पुसटसा ठसा ठेवून जाते. तो वर आणायला व्हॉल्व्ह कोरड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून १०-१५ मिनिटे फ्रीजमध्ये ठेवा, बाहेर काढा आणि त्यावर हलकेच फुंकर घाला. वाफ बसते तेव्हा अक्षरांच्या जागी ती वेगळी बसते आणि काही सेकंद क्रमांक वाचता येतो. मोबाईलचा कॅमेरा तयार ठेवा, कारण ती वाफ लगेच उडते. दुसरा उपाय म्हणजे अंधाऱ्या खोलीत टॉर्च काचेला जवळजवळ समांतर धरणे. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली काही शाई उजळतात. जुने रेडिओ मेकॅनिक व्हॉल्व्ह डोक्याच्या केसांवर घासत, कारण तेलाचा पातळ थर अक्षरांभोवती वेगळा पसरतो. हा उपाय चालतो, पण शेवटी ठेवा. तेलाचा थर बसला की वाफेची युक्ती पुन्हा करता येत नाही.

थंड व्हॉल्व्ह लगेच पेटवू नका. तासभर खोलीत राहू द्या.

प्रश्न: छपाई गेली तरी टिकून राहते अशी खूण कोणती?

आम्लाने कोरलेली आणि साच्यातून उठलेली. या दोन्ही छपाईपेक्षा अधिक विश्वासाच्या, कारण त्या कारखान्यातच होत. छपाई मात्र विकणाऱ्याच्या नावाची असू शकते. एका कंपनीने केलेला व्हॉल्व्ह दुसरीच्या नावाने विकणे हा त्या काळी नित्याचा व्यवहार होता.

फिलिप्स समूहाच्या व्हॉल्व्हवर, म्हणजे मुलार्ड, फिलिप्स, वाल्वो यांच्यावर, काचेच्या खालच्या भागात राखाडी रंगात दोन छोट्या ओळी कोरलेल्या असतात. वरची ओळ प्रकार सांगते. रोमन लिपीतला एक्स आणि छोटा एफ म्हणजे ईएल३४, छोटा आर आणि मोठा एक्स म्हणजे ईएल८४, आय आणि ६ म्हणजे ईसीसी८३, छोटा एफ आणि ३ म्हणजे जीझेड३४, ९ आणि छोटा आर म्हणजे ईएफ८६. त्यापुढचा आकडा रचनेतल्या बदलाचा. खालच्या ओळीत पहिले अक्षर कारखान्याचे असते: बी म्हणजे इंग्लंडमधले ब्लॅकबर्न, आर म्हणजे मिचम, डी म्हणजे हॅम्बुर्ग, त्रिकोण म्हणजे हॉलंडमधले हेर्लेन. मग वर्षाचा शेवटचा आकडा, मग महिना ए ते एल, मग आठवडा. ‘बी१के२’ वाचले तर ब्लॅकबर्न, १९६१ किंवा १९७१, नोव्हेंबर, दुसरा आठवडा. दशक कोणते ते आतल्या रचनेवरून ठरवावे लागते.

टेलिफुंकेनच्या पिनांच्या मधोमध, खालच्या काचेत, चौकटच्या पत्त्यासारखी आकृती उठलेली असते. बाजूला टेलिफुंकेन छापलेले आहे आणि खाली ही आकृती नाही, तर व्हॉल्व्ह बहुधा दुसऱ्या कुणाचा तरी आहे. अमेरिकन आरसीएच्या मिनिएचर व्हॉल्व्हवर प्रकार क्रमांक अष्टकोनी चौकटीत असतो. ऑक्टलच्या बुडाच्या बाजूला आकडे दिसले तर पहिले तीन बघा: १८८ म्हणजे जनरल इलेक्ट्रिक, २७४ आरसीए, २८० रेथिऑन, ३१२ सिल्व्हेनिया, ३२२ टंग-सोल. पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा सांगतात. समभुज चौकोनात रशियन अक्षरे किंवा आकडे असतील तर सोव्हिएत माल, आणि त्याचा एक मोठा धोका पुढे सांगितला आहे.

प्रश्न: बुडाकडून किती कळते?

अर्धे काम तिथेच होते.

काचेतूनच थेट नऊ बारीक पिना निघालेल्या, वर्तुळाचा व्यास सुमारे १२ मिलिमीटर आणि एका ठिकाणी रिकामी जागा असेल, तर तो नोव्हल. १९५० नंतरचे बहुतेक रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि अॅम्प्लिफायर यांतला हाच. तसाच पण सात पिनांचा, साडेनऊ मिलिमीटर वर्तुळाचा, तो मिनिएचर. काळ्या किंवा तपकिरी बेकेलाइटचे बूड, मध्ये खाच असलेला जाड खुंट आणि भोवती आठ जाड पिना म्हणजे ऑक्टल, १९३५ पासूनचा. आठ पिना आहेत पण त्या बारीक, आणि मधला धातूचा खुंट टोकाशी खाचवलेला असेल तर लॉकटल. आठ बारीक पिना, मध्ये खुंट नाही आणि काचेच्या कडेला छोटासा उंचवटा असेल तर रिमलॉक. त्यात ईएल४१, यूसीएच४२, यूएल४१ वगैरे येतात. पिनाच नाहीत, बुडाच्या कडेला पाच आणि तीन अशा गटांत धातूच्या पट्ट्या आहेत, तर १९३० च्या दशकातला युरोपीय बाजूपट्टीचा व्हॉल्व्ह. चार, पाच, सहा किंवा सात पिना आणि त्यातल्या दोन जाड असतील तर जुना अमेरिकन. पाच पिनांचा असेल तर मात्र सगळ्या सारख्याच जाडीच्या.

पिना मोजताना व्हॉल्व्ह उलटा धरा आणि रिकाम्या जागेपासून किंवा खाचेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजा. वरून मोजले की सगळे उलटे होते आणि पुढची प्रत्येक चाचणी चुकते. ऑक्टलमध्ये काही पिना मुळातच बसवलेल्या नसतात. ५वाय३ सारख्या रेक्टिफायरला, म्हणजे एसीचे डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हला, पाचच असतात. म्हणून तिथे पिना नव्हे, जागा मोजा.

प्रश्न: आत पाहून नळीचा वर्ग कसा ओळखायचा?

भिंग आणि टॉर्च घेऊन वरच्या मायकाच्या चकतीकडे बघा. प्रत्येक ग्रिड, म्हणजे बारीक तारेची जाळी, दोन उभ्या सळ्यांवर गुंडाळलेली असते आणि त्या सळ्यांची टोके मायकातून वर आलेली दिसतात. मध्यभागी तापून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या कॅथोडची पोकळ नळी आणि सर्वांत बाहेर ते गोळा करणारा पत्रा, म्हणजे प्लेट. आता जोड्या मोजा. एकही जोडी नाही तर डायोड किंवा रेक्टिफायर. एक जोडी म्हणजे ट्रायोड. तीन जोड्या म्हणजे पेंटोड. दोन जोड्या आणि बाजूला दोन वाकवलेले पत्रे म्हणजे बीम टेट्रोड, उदाहरणार्थ ६व्ही६ किंवा ६एल६. पाच जोड्या म्हणजे हेप्टोड, म्हणजे रेडिओचा कन्व्हर्टर, आलेल्या लहरींची वारंवारता बदलणारा. वर हिरवट लेप असलेली पट्टी किंवा वाटी दिसली तर मॅजिक आय, म्हणजे स्टेशन नीट लागले का ते दाखवणारा व्हॉल्व्ह, तिथे आणखी शोधायला नको.

एका काचेत दोन वेगळ्या प्लेट्स शेजारीशेजारी आणि सारख्या असतील तर दुहेरी ट्रायोड. एक मोठी आणि एक छोटी असेल तर ईसीएल८२ सारखा ट्रायोड-पेंटोड. एका प्लेटखाली, कॅथोडच्या तळाशी, नखाएवढे दोन पत्रे असतील तर ते डायोड. ६एव्ही६ आणि ईबीसी८१ तसे आहेत.

पोकळ कॅथोड न दिसता फक्त एक सरळ बारीक तार, वर स्प्रिंगने ताणलेली, दिसली तर थांबा. तो बॅटरीचा व्हॉल्व्ह आहे असे धरून चाला.

प्रश्न: वरचा चांदीसारखा डाग काय सांगतो?

तो गेटर, बेरियमचा थर. चकचकीत असेल तर निर्वात टिकून आहे. पांढरा, खडूसारखा झाला असेल तर हवा आत गेली आणि व्हॉल्व्ह मेला. पुढे काहीही करू नका, पेटवूही नका. कडा तपकिरी होऊन विरळ झाल्या असतील तर बराच वापर झालेला आहे. गेटरच्या कडीचा आकार, म्हणजे गोल, डी अक्षरासारखा, चौकोनी पत्रा, यावरून जाणकार कारखाना आणि दशक काढतात, पण प्रकार कळत नाही. गेटर मोठा म्हणजे व्हॉल्व्ह ताजा, हा समजही चुकीचा आहे.

प्रश्न: ओहममीटरने नेमके काय शोधायचे?

थंड व्हॉल्व्हमध्ये फक्त दोन गोष्टी वीज वाहू देतात: हीटर, आणि आतून एकमेकींना जोडलेल्या पिना. मीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवा, दोन्ही टोके एकमेकांना लावून वायरींचाच रोध लिहून घ्या, मग प्रत्येक जोडी तपासा. नोव्हलमध्ये ३६ जोड्या होतात, ऑक्टलमध्ये २८, सात पिनांत २१. कंटाळा करू नका, पाच मिनिटांचे काम आहे आणि कागदावर तक्ता झाला की निम्म्या शंका फिटतात.

वायरीएवढाच रोध दिसला तर ती आतली जोडणी. ईएफ८० मध्ये १ आणि ३ दोन्ही कॅथोडच्या, ईएफ८६ मध्ये २ आणि ७ दोन्ही आवरणाच्या. त्याहून जास्त, एक-दीड ओहमपासून काही दहा ओहमपर्यंत दिसला तर तो हीटर. टंगस्टनचा थंड रोध गरम रोधाच्या साधारण सहाव्या-सातव्या भागाएवढा असतो. ईएल८४ चा गरम रोध ६.३ भागिले ०.७६, म्हणजे ८.३ ओहम. म्हणून थंड असताना दीड ओहमच्याही आत दिसेल. शून्यच आहे म्हणून तो शॉर्ट समजू नका.

हीटर कोणत्या पिनांवर सापडला, यावरून कुटुंब ठरते.

नोव्हलमध्ये ४ आणि ५: नेहमीचे, ईएल८४, ईसीएच८१, ईएफ८९, ईझेड८०.
नोव्हलमध्ये ४ आणि ५, आणि ९ त्यांच्या बरोबर मध्ये, म्हणजे ४-९ आणि ५-९ दोन्ही सारखे व ४-५ त्याच्या दुप्पट: ईसीसी८१, ८२, ८३ यांचे घराणे.
सात पिनांत ३ आणि ४: मेन्सवरचे. १ आणि ७: बॅटरीवरचे.
ऑक्टलमध्ये २ आणि ७: बहुतेक सगळे. ७ आणि ८: ६एसएन७, ६एसएल७, ६एसक्यू७. २ आणि ८: ५ व्होल्टचे रेक्टिफायर.

प्रश्न: हीटर कुठेच लागत नाही. व्हॉल्व्ह बाद का?

बहुतेक वेळा हो, तार तुटलेली असते. पण दोन अपवाद आहेत. पिना गंजलेल्या असतात, त्या बारीक पॉलिश कागदाने हलक्या हाताने घासून पुन्हा मोजा. ऑक्टलच्या पोकळ पिनेतला सोल्डरचा डाग सुटलेला असतो, तो फ्लक्स लावून तापवला की जुळतो. दुसरा अपवाद म्हणजे हीटर नसलेलेच व्हॉल्व्ह: दाब स्थिर ठेवणारे ओए२ आणि ओबी२, अनुक्रमे १५० आणि १०८ व्होल्टचे, किंवा ऑक्टलमधले ०सी३ आणि ०डी३. आत एक मोठा पोकळ दंडगोल आणि मध्ये एक तार एवढेच दिसते. लष्करी सामानातून आलेल्या काही वायूभरित नळ्यांत किंचित किरणोत्सारी पदार्थ असतो, म्हणून अनोळखी नळी कधीही फोडून पाहू नका.

प्रश्न: हीटरचा योग्य दाब कसा काढायचा?

पुरवठ्याची मर्यादा आधी १०० मिलिअँपिअरवर ठेवा आणि दाब शून्यापासून चढवा. सरळ तारेचा व्हॉल्व्ह असेल तर १.४ व्होल्टच्या पुढे जायचेच नाही. ५० किंवा २५ मिलिअँपिअर घेत असेल तर ओळख झालीच. त्याची तार अंधारातही जेमतेम दिसते, म्हणून उजेडाची वाट बघत दाब वाढवत राहणे ही सगळ्यात महागडी चूक.

पोकळ कॅथोडचा असेल तर मर्यादा हळूहळू वाढवत २, २.५, ४, ५, ६.३ अशा पायऱ्या घ्या. प्रत्येक पायरीवर दीड-दोन मिनिटे थांबा, कारण कॅथोड सावकाश तापतो आणि त्याआधीचा आकडा फसवतो. दाब आणि विद्युतप्रवाह दोन्ही लिहा. कॅथोडच्या टोकाशी मंद नारिंगी-लाल दिसले की पुरे. पिवळे व्हायला लागले तर दाब जास्त झाला, लगेच उतरवा.

६.३ व्होल्टला येणारा विद्युतप्रवाह म्हणजे व्हॉल्व्हची सहीच. ०.२ अँपिअर: ईएफ८६, ईएफ८९. ०.३: ईसीएच८१, ईबीएफ८९, ईएफ८०, ईएफ८५, ६बीए६, ६बीई६, ६एव्ही६, ६एसएल७. ०.४५: ६व्ही६, ६एक्यू५, ईएबीसी८०. ०.६: ईझेड८०, ६एक्स४, ६एसएन७. ०.७६: ईएल८४. ०.९: ६एल६. १.०: ईझेड८१. १.५: ईएल३४. ५ व्होल्टच्या रेक्टिफायरांत जीझेड३४ साधारण १.९, ५वाय३ चे २ आणि ५यू४ चे ३ अँपिअर. शेवटच्याला मोठा पुरवठा लागेल. प्रत्येक आकड्यात पाच-सात टक्के इकडेतिकडे होणारच. म्हणून ईएल८४ चा ०.७६ आणि ईसीएल८२ चा ०.७८ यांतला फरक मीटरने नव्हे, आतली रचना बघून करायचा.

६.३ ला कॅथोड अगदीच काळा आणि विद्युतप्रवाह ५०-६० मिलिअँपिअरच्या घरात असेल, तर तो मालिकेत जोडायचा व्हॉल्व्ह. मग दाब न बघता विद्युतप्रवाह ठरलेला धरा: यू मालिकेत १०० मिलिअँपिअर, पी मालिकेत ३००, अमेरिकन ३५डब्ल्यू४, ५०सी५ वगैरेंत १५०. विद्युतप्रवाह १०० वर नेल्यावर दाब १९ आला तर यूसीएच८१ किंवा यूबीएफ८९, १२.६ आला तर यूएफ८९, २८ आला तर यूएबीसी८०, ३८ आला तर यूवाय८५, ४५ आला तर यूएल८४. १५ व्होल्टचा पुरवठा इथे कमी पडतो. दोन-तीन पुरवठे मालिकेत जोडावे लागतात.

प्रश्न: व्हॉल्व्ह अजून रेडिओतच आहे. तिथे राहून काही कळेल का?

पुष्कळ कळते, म्हणून काढण्यापूर्वी फोटो घ्या. आपल्याकडे १९६० च्या दशकातल्या मेन्सवर चालणाऱ्या सेटमध्ये ईसीएच८१, ईएफ८९ किंवा ईबीएफ८९, ईबीसी८१ किंवा ईएबीसी८०, ईएल८४, ईझेड८० किंवा ईझेड८१ आणि कधी एक मॅजिक आय, हा संच सारखा भेटतो. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने ईएल८४ आणि ईसीसी८३ सारखे व्हॉल्व्ह इथेच बनवले, त्यामुळे तेही या डब्यांत भरपूर सापडतात. स्टेशन लावणाऱ्या गँग कंडेन्सरजवळचा कन्व्हर्टर, दोन आयएफ (मधल्या वारंवारतेच्या) कॅनमधला आयएफ पेंटोड, आउटपुट ट्रान्सफॉर्मरकडे वायर जाणारा आउटपुट, मेन्स ट्रान्सफॉर्मरच्या शेजारचा रेक्टिफायर.

ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी सेटमध्ये गणित करता येते. यूसीएच८१, यूएफ८९, यूएबीसी८०, यूएल८४, यूवाय८५ यांची बेरीज १९ अधिक १२.६ अधिक २८ अधिक ४५ अधिक ३८, म्हणजे १४२.६ व्होल्ट. २३० मधून उरले ८७.४, म्हणजे ०.१ अँपिअरला ८७४ ओहमचा ड्रॉपर, म्हणजे उरलेले व्होल्ट खाणारा रेझिस्टर. ड्रॉपर मोजा, त्याच्यावरचे आणि चार ओळखीच्यांचे व्होल्ट २३० मधून वजा करा, उरलेला आकडा अनोळखी व्हॉल्व्हचा. अशा सेटची चासी थेट मेन्सला जोडलेली असते. प्लग काढल्याशिवाय आणि मोठे कंडेन्सर रिकामे केल्याशिवाय आत बोट घालू नका.

प्रश्न: हीटर सापडला. आता कॅथोड आणि ग्रिड कुठल्या पिनेवर?

हीटर पेटवून मिनिटभर थांबा. १० मेगाओहमचा मीटर २ व्होल्टच्या डीसी रेंजवर ठेवा. तापलेल्या कॅथोडमधून उडालेले इलेक्ट्रॉन जवळच्या ग्रिडवर बसतात, म्हणून बाहेरून काहीही न जोडता पहिली ग्रिड कॅथोडच्या तुलनेत अर्धा ते एक व्होल्ट ऋण दिसते. बाकीच्या ग्रिड त्याहून कमी, प्लेट सगळ्यात कमी. ज्या पिनेच्या तुलनेत इतर सगळ्या ऋण दिसतात ती कॅथोड. ही युक्ती इतकी साधी आहे की खरेच वाटत नाही, पण ती पक्की आहे.

पडताळा घ्यायला ९ व्होल्टच्या बॅटरीचे ऋण टोक कॅथोडला आणि धन टोक १० किलोओहममधून एकेका पिनेला लावा. बाकीच्या पिना कॅथोडला बांधून ठेवा. पहिली ग्रिड सर्वांत जास्त विद्युतप्रवाह ओढते, अर्ध्या मिलिअँपिअरच्या वर. रेझिस्टरमुळे तो एका मिलिअँपिअरपुढे जात नाही, म्हणून नाजूक ग्रिडलाही इजा होत नाही.

डोक्यावर टोपी असेल तर? रेडिओच्या जुन्या छोट्या व्हॉल्व्हमध्ये, उदाहरणार्थ ६के७, ती ग्रिड असते. ८०७, पीएल८१, पीएल३६ यांत ती प्लेट, आणि तिच्यावर शेकडो व्होल्ट असतात.

प्रश्न: ईसीसी८१, ८२ आणि ८३ तिन्ही सारखेच दिसतात. वेगळे कसे करायचे?

हीटर तिघांचाही ०.३ अँपिअर, पिनाही त्याच: १ प्लेट, २ ग्रिड, ३ कॅथोड, आणि दुसऱ्या भागात ६, ७, ८. इथे उच्च दाब लागतोच.

एकच भाग जोडा. प्लेटला १ किलोओहम आणि मिलिअँपिअर मीटरमधून २५० व्होल्ट, कॅथोड जमिनीला, म्हणजे पुरवठ्याच्या ऋण टोकाला, ग्रिडला ९ व्होल्टच्या बॅटरीवरच्या पोटेन्शिओमीटरमधून ऋण दाब. सुरुवात सर्वांत ऋण टोकापासून, उणे ८.५ पासून. तिथेच सुमारे १० मिलिअँपिअर आले तर तो ईसीसी८२, आणि इथेच थांबा. ऋण दाब आणखी कमी केला तर प्लेट लाल होईल. जवळजवळ काहीच आले नाही तर हळूहळू उणे २ पर्यंत या. १.२ मिलिअँपिअर म्हणजे ईसीसी८३, १० म्हणजे ईसीसी८१. उणे २ पासून सुरुवात करणारे ईसीसी८२ जाळतात, म्हणून हा क्रम.

जुन्या व्हॉल्व्हमध्ये विद्युतप्रवाह उतरलेला असतो आणि संशय राहतो. मग प्रवर्धन गुणांक मोजा, म्हणजे ग्रिडचा एक व्होल्ट प्लेटच्या किती व्होल्टांच्या तोडीचा ते; तो म्हातारपणातही फारसा बदलत नाही. प्लेटचा दाब २० व्होल्टने कमी करा आणि विद्युतप्रवाह पुन्हा पूर्वीइतका यायला ग्रिड किती सरकवावी लागते ते बघा. ०.२ व्होल्ट म्हणजे गुणांक १००, ईसीसी८३. ०.३३ म्हणजे ६०, ईसीसी८१. ०.४५ च्या आसपास आले तर १२एवाय७. सव्वा व्होल्टच्या आसपास म्हणजे १७, ईसीसी८२. ग्रिडवरचे इतके बारीक व्होल्ट वाचायला डिजिटल मीटरच हवा.

प्रश्न: सोव्हिएत व्हॉल्व्हचा धोका तो कोणता?

रशियन ६एन२पी दिसायला आणि गुणांकाने ईसीसी८३ सारखाच, पण हीटर ४ आणि ५ वर ६.३ व्होल्टचा, ०.३४ अँपिअर, आणि ९ व्या पिनेवर फक्त दोन भागांमधला पडदा. ईसीसी८३ समजून ४ आणि ५ वर १२.६ दिले की हीटर गेला. ईसीसी८५ आणि ईसीसी८८ मध्येही ९ वी पिन पडद्याची. म्हणूनच ओहममीटरचा तक्ता आधी. ९ व्या पिनेचा ४ आणि ५ शी संबंध नसेल तर तो व्हॉल्व्ह ईसीसी८३ नाही, बाजूला काहीही छापलेले असो.

प्रश्न: आउटपुट व्हॉल्व्हची खात्री कशी करायची?

ईएल८४ चा संशय असेल तर प्लेट ७ आणि स्क्रीन (दुसरी ग्रिड) ९ ला २५० व्होल्ट, ग्रिड २ ला ४७० किलोओहममधून जमीन, कॅथोड ३ ला १३५ ओहम ५ वॅटचा रेझिस्टर. त्यावर सुमारे ७.३ व्होल्ट आले, म्हणजे ५० मिलिअँपिअरच्या थोडे वर, तर व्हॉल्व्ह ईएल८४ आणि धडधाकट. ५ च्या खाली असेल तर थकलेला. स्क्रीनला वीज आहे आणि प्लेटची वायर सुटली आहे अशी वेळ येऊ देऊ नका. स्क्रीन काही सेकंदांत लाल होते.

आता ४७० किलोओहमच्या दोन टोकांना क्षणभर वायर लावा. कॅथोडवरचा दाब हलला नाही तर निर्वात चांगले. लक्षणीय उतरला तर आत वायू आहे किंवा ग्रिड इलेक्ट्रॉन सोडते आहे. काचेच्या आतल्या बाजूला चिकटलेली निळी झाक निरुपद्रवी असते. प्लेटच्या आत जांभळट धुके दिसले तर लगेच बंद करा.

प्रश्न: व्हॉल्व्ह टेस्टर असेल तर हे सगळे टाळता येईल का?

नाही. टेस्टरला प्रकार आधी सांगावा लागतो, मग तो कस सांगतो. चुकीच्या सेटिंगवर ठेवलेला व्हॉल्व्ह टेस्टरवरही तितक्याच सहज जळतो.

प्रश्न: ओळख पटली. नोंद कशी ठेवायची?

काचेवर चिकटपट्टी किंवा मार्कर नको. आउटपुट व्हॉल्व्हची काच दोनशे अंशांच्या आसपास तापते, गोंद करपून बसतो. दोऱ्याने छोटी चिठ्ठी बांधा किंवा डब्यावर पेन्सिलने लिहा: बुडाचा प्रकार, हीटरचा दाब आणि विद्युतप्रवाह, चाचणीचा दाब, आलेले मिलिअँपिअर, तारीख. मोजून ठरले असेल तर ‘ईसीसी८३, मोजलेला’ लिहा. केवळ दिसण्यावरून वाटत असेल तर ‘ईसीसी८३ असावा’ एवढेच. विकायचा असेल तर हीच चिठ्ठी घेणाऱ्याला द्या. कोरलेली खूण सापडली नसेल तर कंपनीचे नाव लिहू नका.